साडेसहाचं ऊन

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला मुख्याध्यापक पुंजाराम सरांनी ज्ञानेश्वरीला ऑफिसात बोलावलं आणि सहा उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स टेबलावर ओळीनं मांडल्या. उन्हाळ्याची सुट्टी. उस्मानपुऱ्यातल्या त्या शाळेत एक शिपाई आणि हे दोघं सोडून कोणी नव्हतं.

"फक्त निबंध वाचा," सर म्हणाले.

दहावीचा मराठीचा पेपर. सहाही मुलं ज्ञानेश्वरीच्या वर्गातली. तिघांनी 'अविस्मरणीय प्रसंग' घेतला होता, दोघांनी 'मोबाइल नसता तर', एकानं 'रस्त्याचे आत्मवृत्त'. सुरुवात वेगळी, शेवट वेगळा. मधला परिच्छेद मात्र, मुलींनी 'झालो'चं 'झाले' केलं होतं ते सोडलं तर, सहा ठिकाणी शब्दाला शब्द तोच होता:

'त्या दिवशी सकाळचे साडेसहा वाजले होते. डोक्यावर ऊन रणरणत होते. क्रांती चौकात एक वृद्ध आजी बोचके घेऊन उभी होती. गाड्यांचा लोंढा थांबत नव्हता, कोणालाही तिच्याकडे पाहायला वेळ नव्हता. मी पुढे झालो, तिचा थरथरता हात हातात घेतला आणि तिला रस्ता ओलांडून दिला. तिच्या डोळ्यांत पाणी होते. त्या क्षणी मला माणुसकीचा खरा अर्थ कळला.'

आत्मवृत्तात तर रस्ता स्वतःच पुढे झाला होता आणि त्यानंच आजीचा हात धरून तिला स्वतःवरून पलीकडे नेलं होतं.

तपासनिसानं सहाही कागदांवर एकाच जागी लाल गोल काढला होता. साडेसहा. ऊन.

"सकाळी साडेसहाला कुठं ऊन रणरणतं मॅडम?" सरांनी विचारलं. "एकानं चूक केली असती तर चाललं असतं. सहा जणांनी तीच केली. परीक्षा मंडळाचं पत्र आलंय, सामूहिक नक्कल. निकाल राखीव. परवा गुरुवारी अकराला सुनावणी. सिद्ध झालं तर निकाल रद्द, पुढच्या परीक्षेलाही बसता येणार नाही."

ज्ञानेश्वरीनं लाल गोलाकडं पाहिलं. ती चूक तिची होती.

नोव्हेंबरातली गोष्ट. वर्गात अडतीस मुलं, त्यातल्या निम्म्यांना सलग चार ओळी लिहिता येत नव्हत्या. तिनं फळ्यावर पाच चौकोन आखून दिले होते: सुरुवात, ओळख, प्रसंग, विचार, शेवट. चार चौकोन कसेबसे भरायचे. तिसरा सगळ्यांचा कोरा. प्रसंग कुठून आणायचा? शेवटी तास संपायला चार मिनिटं असताना तिनं उभ्याउभ्या एक प्रसंग रचला आणि लिहायला सांगितला. आधी 'दुपारचे साडेबारा' म्हणाली होती. मग वाटलं, दुपारी मुलं शाळेत असतात, चौकात कशी असतील? "थांबा, सकाळचे साडेसहा करा," असं सांगून ती पुढं गेली. वेळ बदलली, ऊन तसंच राहिलं. "कुठलाही विषय येऊ द्या, हा उतारा तिथं बसतो. पाठ करा," असंही ती म्हणाली होती. मुलांनी पाठ केलं. बाकीच्या बत्तिसांनी तो वापरला नाही, की त्यांचे पेपर दुसऱ्या तपासनिसाकडं गेले, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"सर, उतारा मी दिला होता."

"मला ऐकू आलं नाही," पुंजाराम सर म्हणाले. त्यांनी कागद गोळा केले. "आणि परवा तिथंही कोणाला ऐकू येता कामा नये. शाळाच उत्तरं पुरवते असं एकदा नोंदवलं गेलं की शाळेचं परीक्षा केंद्र जातं. पत्रात लिहिलंय, समितीसमोर मुलांकडून लेखन करून घेणार. दोन दिवस आहेत तुमच्याकडे. लिहायला शिकवा. चांगलं लिहिलं की सुटतील."

सहापैकी पाच जणांचं एका वर्षाचं नुकसान झालं असतं, घरच्यांनी आरडाओरडा केला असता, आणि मग सगळं निवळलं असतं. शालूचं तसं नव्हतं. तिचे वडील बिभीषण सिल्लोड तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळीपासून त्यांची पालं बायपासच्या पलीकडं रिकाम्या प्लॉटांवर होती. शालू तिथून रोज शाळेत आली होती. मुलींच्या सरकारी वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव चौथं होतं, पण उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका शुक्रवारी पाचच्या आत द्यायची होती. नाही दिली की जागा यादीतल्या पाचव्या मुलीला.

संध्याकाळी ज्ञानेश्वरीनं बिभीषणला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"शनवारी आमी हलणार मॅडम, सिल्लोडकडं. इथलं चरायचं संपलं. कागद आला तर पोरगी ऱ्हाईल, नाय तर मेंढरामागं येईल. तिला इथं कुणाच्या जिवावर ठिवू, तुमीच सांगा."

ज्ञानेश्वरीनं फोन ठेवला आणि सहाही जणांना सकाळी आठला यायचा निरोप धाडला.

बुधवारी सकाळी आठला सहा जण वर्गात हजर झाले. तिनं फळ्यावर जुन्या सवयीनं पाच चौकोन काढले आणि मग पुसून टाकले.

"उतारा विसरायचा," ती म्हणाली. "आजी नाही, चौक नाही, बोचकं नाही. जे तुमच्याबरोबर झालं तेच लिहायचं."

"मॅडम, तवा पाठ करा म्हणून पट्टी दाखवली," ऋतुराज म्हणाला, "आता विसरा म्हणून दाखवताय. पट्टी तरी बदला."

मुलं हसली. तीही हसली असती, पण घड्याळाकडं लक्ष गेलं. तिनं अर्धा तास दिला. अर्ध्या तासानं संस्कृतीनं वही पुढं केली. आजीच्या जागी आजोबा आले होते. क्रांती चौकाऐवजी रेल्वे स्टेशन. बाकी सगळं जागच्या जागी, डोळ्यांतलं पाणीसुद्धा.

"हे तुझ्याबरोबर झालं?"

"नाही मॅडम. पण असं होऊ शकतं ना."

"संस्कृती, तुझ्या आयुष्यात काहीच झालं नाही का गं?"

"झालंय ना. पण ते निबंधात लिहिण्यासारखं नाही."

ज्ञानेश्वरीनं खडू टेबलावर आपटला. त्याचे तीन तुकडे झाले. आपण कुणावर चिडलो आहोत ते तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तिनं तुकडे उचलले आणि खाली बाकावर मुलांच्यात येऊन बसली.

"लिहू नका. आधी सांगा. घरी सांगता तसं. शालू, तू."

"आमच्यात सांगण्यासारखं काय नाय मॅडम."

"शेवटचं कधी घाबरली होतीस?"

शालूनं विचार केला. "बोडकी गेली तवा."

"बोडकी कोण?"

"मेंढी. शिंगं नसती तिला."

"ती हरवली हे कसं कळलं? मोजली होतीस?"

"मेंढरं मोजत नाय आमी," शालू म्हणाली. आता तिचा आवाज जरा मोकळा झाला होता. "तोंडं बघतो. वाघरीत, जाळीच्या कुंपणात घालताना एकेक तोंड म्होरं येतं. तवा कळतं कोण नाय ते. दोनशे असूंद्या, समदी वळखू येत्यात. त्या दिवशी समदी आत गेली, आबा म्हणले झालं, अन् मी म्हणलं नाय झालं. बोडकी नाय. आबा म्हणले, तुला काय दिसलं? मी म्हणलं, दिसलं नाय म्हणून तर म्हणते."

ऋतुराजनं हसायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग?"

मग शालू आणि तिची आई बानाबाई बायपासपर्यंत गेल्या होत्या. पुलाखाली पाण्याचा पाइप फुटला होता, तिथं बोडकी उभी होती. एकटी नव्हती. तिथंच व्याली होती. शालूनं ओलं पिल्लू ओढणीत घेतलं, पण बोडकी काही केल्या हलेना. मग पिल्लू तिच्या नाकापुढं धरून शालू पालापर्यंत उलट्या पावलांनी चालत आली. सगळा रस्ता, गाड्यांच्या मधून, पाठमोरी.



"आता हेच लिही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "पहिलं वाक्य कोणतं?"

शालूनं फळ्याकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं. "बोडकी नव्हती," ती म्हणाली.

"बस. तिथून सुरू कर. ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं. आबा काय म्हणाले तेही घे. आणि सगळ्यात शेवटी जे पाहिलंस तिथं थांब. माणुसकीचा अर्थ वगैरे काढत बसू नकोस."

शालूनं सव्वा पान लिहिलं. त्यात चुका होत्या, पण वाचणारा मध्येच थांबणार नाही असं ते लिहिणं होतं. तिचं पाहून बाकीचेही लिहायला लागले. ऋतुराजनं बोअर मारताना पाणी न लागलेला दिवस लिहिला, त्यात त्याचे वडील कडूबा मशीनवाल्याला ज्या शिव्या देतात त्यांच्या जागी फुल्या मारल्या. संस्कृतीनं चौथ्या प्रयत्नात आई-वडलांचं भांडण लिहिलं आणि वही छातीशी धरून ठेवली. ज्ञानेश्वरीनं प्रत्येकाचं तीनतीनदा तपासलं, परिच्छेद कुठं पाडायचा, कोणतं वाक्य काढायचं, कोणतं पुढं आणायचं ते दाखवलं. बारा वर्षांच्या नोकरीत तिनं निबंध असा कधी शिकवला नव्हता. शाळेतून निघताना पाच वाजले होते आणि तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"विषय कुठलाही आला तरी घाबरू नका," तिनं गेटपाशी बजावलं. "उतारा आठवला तरी हाताला लिहू देऊ नका."

गुरुवारी अकराला परीक्षा मंडळाच्या कार्यालयात समितीचे तिघं खुर्च्यांवर बसले. अध्यक्ष निवृत्तीला आलेले गृहस्थ होते, आवाज शांत, चष्मा दोरीत. पालक भिंतीशी बाकावर. बिभीषण बाकावर बसला नाही. दाराशी खाली बसला. त्याची काठी शिपायानं बाहेर ठेवायला लावली होती आणि तिच्यावाचून त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं.

अध्यक्षांनी मुलांना अंतरानं बसवलं. प्रत्येकाला परीक्षेत त्यानं निवडलेला विषयच परत दिला. चाळीस मिनिटं.

मुलांनी लिहिलं. एकानंही मान वर केली नाही. शालूला 'अविस्मरणीय प्रसंग' होता. तिचं पेन न थांबता चाललेलं पाहून दोन दिवसांत पहिल्यांदा ज्ञानेश्वरीनं पाठ खुर्चीला टेकवली.

मग तिघं वाचायला बसले. एका हाताला आजचा कागद, दुसऱ्या हाताला उत्तरपत्रिका. अध्यक्षांनी लाल पेन्सिलीनं पहिल्या कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्यावर लिहिलं. शालूच्या कागदावर ते जरा रेंगाळले, पान उलटून पुन्हा पहिल्या ओळीकडं गेले आणि तिथंही तेच लिहिलं. ज्ञानेश्वरीला बसल्या जागेवरून दिसलं: 'मूळ उत्तराशी जुळत नाही.'

सहाच्या सहा.

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला भाषेची परीक्षा घ्यायची नव्हती. ज्यानं परीक्षेत स्वतः लिहिलं त्याला त्याच विषयावर दोन महिन्यांनी निदान एखादं वाक्य तरी तेच सुचतं. इथं एकही नाही. याचा अर्थ तेव्हाचं यांचं नव्हतं."

काल दिवसभर ज्ञानेश्वरीनं स्वतःच्या हातानं मुलांचा पुरावा पुसला होता. विसरायला लावलं नसतं तर आज सहाही जणांनी तोच उतारा लिहिला असता.

ती उभी राहिली. पुंजाराम सरांनी तिच्याकडं पाहिलं आणि हलकेच मान हलवली. नाही.

"उतारा मी दिला होता," ती म्हणाली. "नोव्हेंबरात. फळ्यासमोर उभं राहून सांगितला. यांनी पाठ केला. कोणी कोणाचं पाहिलेलं नाही."

"शिक्षक मुलांना वाचवायला असं म्हणतात. वह्या आहेत?"

वह्या नव्हत्या. पाच जणांच्या रद्दीत गेल्या होत्या. शालूची चुलीत.

"मग तोंडी घ्या," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "एकेकाला आत घ्या, बाकीच्यांना बाहेर ठेवा. म्हणून दाखवतील. पाठ केलेलं लिहायला नाही आलं तरी म्हणता येतं."

अध्यक्षांनी इतर दोघांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "ठीक आहे."

ऋतुराजनं हात मागं बांधले आणि एका दमात म्हटलं. ज्ञानेश्वरीनं सांगताना म्हटले होते तसे स्वल्पविराम आणि पूर्णविरामही म्हटले. संस्कृती रडत म्हणाली, पण शब्द चुकला नाही. बाकीच्या तिघांनी म्हटलं. पाच वेळा साडेसहा वाजले, पाच वेळा ऊन रणरणलं. अध्यक्ष उत्तरपत्रिकेवर बोट फिरवत ऐकत होते.

शालू शेवटची.

"त्या दिवशी सकाळचे साडेसहा वाजले होते, पूर्णविराम. डोक्यावर ऊन रणरणत होते, पूर्णविराम. क्रांती चौकात एक वृद्ध आजी बोचके घेऊन उभी होती, पूर्णविराम. गाड्यांचा..."

ती थांबली.

"गाड्यांचा," अध्यक्ष म्हणाले.

"गाड्यांच्या मधून," शालू म्हणाली आणि पुन्हा थांबली. ते वाक्य कालचं होतं. पाठमोरं चालण्याचं.

आठव, ज्ञानेश्वरी मनात म्हणत होती. लोंढा. लोंढा थांबत नव्हता. सहा जणांत एकीनंच कालचं खरंखुरं शिकून घेतलं होतं, आणि तीच आता अडकली होती.

"विद्यार्थिनीला पुढं येत नाही," अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले. तो लिहायला लागला.

"लोंढा थांबत नव्हता, स्वल्पविराम," दाराशी कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. बिभीषण उभा राहिला होता.

"तुम्ही कोण?"

"बाप तिचा."

"मध्ये बोलायचं नाही. पाठ करून आलात का तुम्ही?"

"पाठ कशाला करू? मला वाचता येत नाय, साहेब. अंगठा हाय." तो कानकोंडा झाला होता, पण बसला नाही. "दिवाळीपासून रोज ऐकतोय. ही मेंढरं वाघरीत घालताना म्हणायची. पहाटं धारा काढताना म्हणायची. हिच्या मायलाबी येतंय, फोन लावू का? मेंढरास्नी बोलता आलं असतं तर त्यांनीबी म्हणलं असतं."

समितीतल्या एकाला हसू आवरेना. अध्यक्षांनी उत्तरपत्रिका उचलली.

"म्हणा. पहिल्यापासून."

बिभीषणनं डोळे मिटले. पालातली रांगडी भाषा त्याच्या तोंडून गेली आणि तिथं ज्ञानेश्वरीची पुस्तकी मराठी आली. स्वल्पविरामाला थांबणं तिचं, पूर्णविरामाला आवाज खाली आणणं तिचं. "मी पुढे झाले, स्वल्पविराम," मिशीवाला बिभीषण म्हणाला, "तिचा थरथरता हात हातात घेतला आणि तिला रस्ता ओलांडून दिला, पूर्णविराम." शालूच्या उत्तरपत्रिकेत 'झाले' होतं. अध्यक्षांचं बोट तिथं क्षणभर थांबलं. माणुसकीचा खरा अर्थ कळला, पूर्णविराम, इथपर्यंत त्यानं एकही शब्द सोडला नाही.

"साडेसहाला ऊन रणरणतं का हो?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीबी हिला तेच म्हणलं व्हतं," बिभीषण म्हणाला. "पर मॅडमनी सांगितलंय म्हणली. मग मी म्हणलं, शहरात असंल."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग सहा प्रकरणांवर एकाच मजकुराचा शेरा मारला: नक्कल आढळत नाही, पाठांतर. निकाल उद्या सकाळी शाळेकडं पाठवतो, ते म्हणाले. ज्ञानेश्वरीकडून त्यांनी लेखी जबाब घेतला. चार ओळी. लिहायला तिला वीस मिनिटं लागली.

"तुमच्याबद्दल वेगळा अहवाल जाईल," ते म्हणाले. "शाळेबद्दलही."

"हो."

"सर," शालूनं विचारलं, "माझा आजचा निबंध घेऊ का?"

"तो फाइलला राहतो बाळ."

शालूनं टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं. वर पहिली ओळ होती, 'बोडकी नव्हती', आणि तिच्याशेजारी लाल अक्षरात 'जुळत नाही'.

बाहेर पायऱ्यांवर पुंजाराम सर कोणाशी न बोलता निघून गेले. ऋतुराजचे वडील कडूबा मात्र खुशीत होते. त्यांनी ज्ञानेश्वरीला गाठलं. "मॅडम, काय दणकट उतारा हाय तुमचा! धाकटं पोरगं औंदा नववीत चाललंय. त्याला आत्ताच लिहून द्या की."

ती काही बोलायच्या आत ते गाडी काढायला गेले.

बिभीषणनं काठी घेतली. ती हातात आल्यावर त्याचं अवघडलेपण गेलं. शालू दोन पायऱ्या खाली उभी राहून वाट पाहत होती. तो जायला वळला आणि परत आला.

"मॅडम, एक इचारू? लई दिवस डोक्यात हाय."

"विचारा ना."

"त्या म्हातारीच्या बोचक्यात काय व्हतं?"

चार मिनिटांत रचलेली म्हातारी. बोचकं ज्ञानेश्वरीनंच तिच्या हातात दिलं होतं, कारण हात रिकामे चांगले दिसत नव्हते.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"अन् जायची कुठं व्हती?"

"तेही नाही."

"हिलाबी मी लई खेपा इचारलं. ही म्हणायची, मॅडमनी तेवढंच सांगितलंय." त्यानं मान हलवली. रागानं नाही, खरोखरच्या नवलानं. "एवढ्या म्हाताऱ्या बाईला रस्त्यापल्याड नेऊन सोडलं, अन् कुठं जायचं ते इचारलंबी नाय?"

"आबा, चला," शालू म्हणाली.